देवासमोरचं घंगाळ

आनंदीबाईंचं आंघोळीचं घंगाळ त्यांच्या मुलाच्या, गुरुदासच्या बँडचा ड्रम झालं, तेव्हापासून घरात सगळे बादलीने आंघोळी उरकत होते. साल सहासष्ट. गुरुदासकडे मामाने गोव्याहून आणलेली गिटार होती. लवू घंगाळ पालथं घालून बडवायचा आणि बाबली रेडिओवर ऐकलेली इंग्रजी गाणी म्हणायचा. ह्याला रॉक म्हणतात, असं तोच सांगायचा. तिघेही मॅट्रिकच्या वर्गात. शाळेच्या गॅदरिंगला एकदा वाजवायचं, एवढीच त्यांची इच्छा होती.

तेवढ्यात शेजारच्या दाजींची म्हैस आटली.

"वयनी, ह्येंच्या धडामधुमान म्हस दूध देणा नाय."

"ती गाभण आसा, दाजी. आटतलीच."

"ता देव ठरवतलो. कौल लावतंय."

दाजी गावचे मानकरी. गुरवाने देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर बँड बंद, डावी पडली तर चालू. गाऱ्हाणं झालं, सगळे "व्हय म्हाराजा" म्हणाले. पाकळी हलेना. दुसऱ्या दिवशीही हलेना. दाजींना त्याचं नवल वाटलं नाही. त्यांच्या मुलीला, नर्मदेला, कुणकेश्वरचं स्थळ आलं होतं. त्याचा कौल महिनाभर लावूनही देव गप्पच होता आणि मुलाकडचे निरोपावर निरोप धाडत होते.

गॅदरिंग तोंडावर आलं. शेवटी आनंदीबाईच देवळात उभ्या राहिल्या.

"देवान ह्येंचा वाजवणा ऐकल्यानच नाय, तर तो सांगतलो काय? एकदा ऐकवा तरी!"

गुरवाने पुन्हा ओल्या पाकळ्या चिकटवल्या. पोरांनी सभामंडपात घंगाळ मांडलं. बाबली घसा खाकरतोय तोवर लवूने पहिला ठोका घातला. समया थरथरल्या आणि उजवी पाकळी अलगद खाली आली.

"बंद!" दाजी म्हणाले.

गुरुदासने गिटार गोणपाटात गुंडाळली. संध्याकाळी आनंदीबाईंनी कितीतरी दिवसांनी घंगाळात पाणी काढलं. पण पोरांची तोंडं आठवून त्यांना आंघोळ काही गोड लागली नाही.

सकाळी तिघे घरापुढच्या खळ्यात सुतकी चेहऱ्याने बसले होते, तोच दाजी आले.

"लवू, घंगाळ घेवन जरा देवळात येशात?"

"बँड बंद आसा, दाजी. देवान सांगल्यान."

"ता माका ठाऊक आसा रे. पण इतके दिवस गप रवलेलो देव एका ठोक्याक बोललो. नर्मदेचा तेवढा इचारून घेऊया."

"म्हणजे वाजवूचा?"

"देवाम्होरं वाजवतत तो बँड न्हय. ती सेवा."

आनंदीबाई घंगाळ घासत होत्या. त्यांनी हात थांबवला.

"आणि शाळेत, दाजी?"

दाजींनी खळ्यातल्या तुळशीला हात जोडले.

"गॅदरिंगाक थंय सरस्वतीचो फोटो लावतत मां?"

"लावतत."

"मगे झाला तर. उठा!"