गणपतरावांचा अर्धा रिपोर्ट

रक्तातल्या पेशींचा आकडा वाढला म्हणून भांडणारा पेशंट मी आयुष्यात एकच पाहिला. धाड गावचे गणपतराव. नाव बदललंय, भांडण खरं आहे.

तेव्हा एचआयव्हीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळायला नुकती सुरुवात झाली होती. मी बुलढाण्याला समुपदेशक, म्हणजे दिवसभर लोकांना समजावून घसा बसवून घेणारी बाई. दर सहा महिन्यांनी रक्त तपासायचं आणि टी पेशी, म्हणजे अंगातले राखणदार, किती आहेत ते पाहायचं. आकडा वाढला की लोक पेढे आणायचे. गणपतरावांचा एकशे दहाचा दोनशे चाळीस झाला, तर त्यांनी कागद टेबलावर आपटला.

"बाई, हे उभे असलेले झाले. मेले किती? नवे किती आले?"

"ते यात नसतं हो."

"मंग अर्धी गोष्ट काऊन सांगून राह्यल्या?"

'अर्धी गोष्ट' हे त्यांचं पालुपद. कंडक्टर म्हणाला गाडी लेट आहे, की हे विचारणार, निघाली कवा अन् अडकली कुठं? चहावाल्यानं दूध संपलं म्हटलं तरी सुटका नाही. संपलं का नासलं? गोळी मात्र घड्याळाच्या ठोक्याला. त्यासाठी पिशवीत गजराचं घड्याळ घेऊन फिरायचे, आणि ते रांगेत खणाणलं की अख्खा वऱ्हांडा दचकायचा.

माणूस वांगी-मिरची लावणारा. रोप मेलं की त्या जागी दुसरं लावायचं, याला नांग्या भरणं म्हणतात. गणपतरावांचा सगळा वाद त्यावर उभा. "वावरात हजार झाडं उभी दिसली. पयल्या दमात जगली का तीनदा नांग्या भरल्या, हे उभ्या झाडाले पाहून समजते काय? सांगा ना!"

काय सांगणार, कपाळ! मलाच येत नव्हतं. पुढच्या खेपेला तेच, त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. शेवटी माझं डोकं फिरलं. "गणपतराव, आकडा वाढतोय ना? मग गोळ्या घ्या आणि घरी जा ना बाबा! त्या मेलेल्यांशी तुम्हाला काय करायचंय?"

ते खुर्चीत बसले. एरवी उभ्यानंच भांडायचे.

"माह्यासाठी नाई इचारत बाई. कौसासाठी इचारतो."

कौसा त्यांची बायको. गोळ्या यायच्या आधीच त्याच आजारानं गेली, संग्रामपूरला माहेरी. शेवटी तिला उठवत नव्हतं, भाकरीला हात लावत नव्हती. यांनी तिच्या आईसमोर तिला सुनावलं, तूच हातपाय गाळले, तुले जगाचंच नाई. चौथ्या दिवशी ती गेली.

"म्हातारी अजून तेच धरून बसली हाये. पोरगी मनानं हरली म्हनते. माह्याच तोंडचं हाये ते. मले पक्कं पाह्यजे बाई, तिच्या आंगात नवे येत होते का नाई."

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि स्वतःचीच लाज वाटली. मी त्यांना हाताला धरून सरळ डॉक्टर मॅडमच्या खोलीत नेलं. मागं रांग ओरडत राहिली.

मॅडम वयानं लहान, पण त्यांनी घाई केली नाही. "विषाणू त्या पेशींत शिरून त्यांना मारतो. पण तेवढ्याच मरत नाहीत. अंगात सतत धुमाळी चालू असते, तिच्यात विषाणू न शिरलेल्या पेशीही मरतात. मग शरीर नव्या करतं, निरोगी माणसापेक्षा जास्त वेगानं. त्याही मरतात, आणखी करतं. अशी वर्षं जातात. करून करून ते थकतं, भर पुरी पडत नाही आणि आकडा उतरतो. गोळ्या विषाणूला वाढू देत नाहीत, म्हणून मरणाऱ्या कमी होतात."

"म्हंजे नांग्या भरत होती ती?"

"रोज."

"शेवटच्या दिवशी बी?"

"पुऱ्या पडल्या नसतील. पण काम थांबलं नसणार. आणि न उठणं, न जेवणं हा आजारच होता गणपतराव. त्यांनी काही सोडून दिलं नव्हतं."

गणपतरावांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. बराच वेळ पुसलं. मग म्हणाले, "लिहून द्या. शिक्का मारून."

मॅडमनी सांगितलं, मी सोप्या मराठीत मोठ्या अक्षरात लिहिलं. असल्या कागदावर कोणता शिक्का मारायचा हे कुठल्याच नियमात नव्हतं. मारला.

दारापर्यंत जाऊन ते परत आले. "रविवारी तुमाले सुट्टी असते ना? संग्रामपूरले येता काय संगं? मले वाचता येते. पन तिच्या मायसमोर माह्या तोंडातून शब्द निघनार नाई."

समुपदेशकानं असं कुणाच्या घरी जायचं नसतं. मी गेले. दोन एसट्या बदलून दुपारी पोचलो. म्हातारीनं मला पाणी दिलं, जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी कागद उघडून हळू आवाजात वाचायला लागले, तर गणपतरावांनी थांबवलं.

"मोठ्यानं वाचा बाई. म्हातारीले कमी आयकू येते. अन् तवा मी वरडून बोललो होतो."