ओल्या-सुक्याच्या मोहिमेची आणि खतखड्ड्याच्या फत्तेची बखर

श्री ओले. श्री सुके. उभयतां एकमेकांपासून वेगळे नांदोत, आणि वाचणाराच्या नाकास सौख्य असो. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्षमास. स्वामींनी आज्ञा केली की, तुमच्या पेठेने कचऱ्याची मोहीम फत्ते केली ऐसे कानी येते, तरी खरे काय ते लिहून पाठविणे. त्यावरून जे डोळ्यांनी पाहिले आणि नाकाने सोसले ते लिहितो. लिहिणार याच पेठेचा रहिवासी, सबब अभिमान जागोजाग सांडेल, तो स्वामींनी पोटात घालावा.

राजधानीचे शहर मोठे, लोक खाऊनपिऊन सुखी, आणि खाऊन उरे ते सर्व उत्तरेच्या वेशीबाहेर माळावर नेऊन टाकावे ऐसी वीस वर्षांची चाल. मग माळाचा डोंगर जाहला, आणि डोंगरास आगी लागू लागल्या, आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी चैत्रमासी रस्त्यात बैलगाड्या आडव्या घालून सांगितले की, "तुमचं उष्टं आता तुमच्याच दारात ठेवा." तेव्हा दरबारात मोठी धांदल उडाली, आणि शहराचे थोरले कारभारी यांनी मसलत करून हुकूम केला की, पेठेचे ओले पेठेतच जिरवावे, सुके निवडून कारखान्यांस द्यावे, डोंगरावर काही जाऊ नये. आणि पहिली परीक्षा आमच्या पेठेची नेमिली. पेठेत कचरा उचलणाऱ्या बाया चाळीस, त्यांची नाईक सोजरबाई खंडागळे, वय पंचावन्न, एकोणीस वर्षे ढकलगाडी घेऊन दारोदार फिरणारी, अंगाने काटकुळी, जिभेने तिखट, आणि कोणत्या घरी कोण पथ्य मोडितो हे तिला वैद्याच्या आधी ठाऊक. तीस बोलावून कारभाऱ्यांनी शर्त सांगितली की, "मार्गशीर्ष शुद्ध पंचमीस आम्ही खासा येऊ. दहांतली नऊ घरे ओले-सुके वेगळे देत असतील आणि खड्डा ओले पचवीत असेल, तर पेठ आणि खड्डा तुम्हां चाळीसजणींकडे कायम. नाही तर बाहेरून यंत्राच्या गाड्या आणू, आणि तुम्ही घरी बसावे." सोजरबाई बोलिली, "साहेब, घरी बसायची सवय न्हाई मला. या पंचमीला."

मग मोहीम सुरू जाहली. शाळेमागच्या मोकळ्या जागेत विटांचा लांबरुंद खड्डा बांधिला, आणि तळाशी वाळला पाला पसरिला, आणि वर ओल्याचा थर, पुन्हा पाला, आणि कडेच्या गार थरांत गांडुळे आणून सोडिली, आणि चाळीस बाया दारोदार चालून गेल्या. परंतु पेठ म्हणजे काय सामान्य आहे? एकाने सांगितले, आम्ही कर भरतो. दुसऱ्याने सांगितले, वेळ नाही. आणि तिसऱ्या मजल्यावरील गद्रेकाकू, ज्यांच्या शब्दावर ती सर्व इमारत चाले, त्या दारात उभ्या राहून बोलिल्या, "आमच्याकडे मुळी कचरा होतच नाही हो." सोजरबाईने उत्तर केले, "बरं काकू. मग रोज दारात जे निघतं त्याला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. फक्त दोन बादल्यांत ठरवा." काकूंनी दार लाविले. मग सोजरबाईने वेढा घातला, तो ऐसा की, मिसळलेली बादली उचलायची नाही, नमस्कार करून पुढे जायचे. एक दिवस गेला, दोन गेले, तिसरे दिवशी काकूंच्या घरी पापलेट जाहले, आणि चौथे दिवशी त्या पापलेटाने आतून ऐसे काम केले की पाचवे दिवशी सकाळी दारात दोन बादल्या, एक हिरवी, एक निळी, आणि काकू मान फिरवून उभ्या. सोजरबाई हसली नाही. ही तिची थोरवी लिहून ठेवण्याजोगी आहे.

आणि एकदा काकू वळल्या त्या ऐशा वळल्या की, दुधाच्या पिशव्या धुऊन, दोरीवर चिमटे लावून वाळवू लागल्या, आणि गॅलरीत मडके ठेवून भाजीच्या देठांचे खत करू लागल्या, आणि वरच्या मजल्यावरून कोणी सालीत प्लास्टिक टाकिले तर जिन्यात उभ्या राहून त्याचा उद्धार करू लागल्या. बाटगा कडवा म्हणतात तो ऐसा. त्यांचे पाहून जिना, जिन्याचे पाहून गल्ली, आणि गल्लीची ईर्ष्या दुसऱ्या गल्लीस लागली, आणि कार्तिकअखेर दहांतली नऊ घरे वळली, आणि खड्ड्यातून काळेभोर खत निघू लागले, त्यास पावसाळ्यातल्या रानाचा वास. चाळीस बायांच्या चालण्यात फरक पडला, तो आम्ही पाहिला.

परंतु यशास दृष्ट लागते ती बहुधा घरच्याच माणसाची. पेठेचे स्वच्छतेचे दरोगा राजश्री मुकुंदराव बोधनकर, माणूस प्रामाणिक, परंतु उमर सर्व साहेबांच्या स्वाऱ्यांची तजवीज करण्यात गेलेली. साहेब येणार म्हटले की रस्त्याच्या कडेस पांढरी फक्की, झाडांच्या बुंध्यांस गेरू, आणि जेथे जेथे वास तेथे तेथे फिनेल, हा त्यांचा नित्यनेम. स्वारी आठ दिवसांवर आली, आणि दरोग्यांस चिंता पडली की, कारभाऱ्यांचे नाक नाजूक, खड्ड्यास वास आला तर काय करावे? म्हणून त्यांनी मोठ्या भक्तिभावाने फिनेलचे आठ कॅन मागविले आणि खड्ड्यास अभिषेक घातला, आणि सभोवार फक्कीची रांगोळी काढविली, आणि समाधान पावून चहास गेले.

सकाळी सोजरबाई आली. वास घेतला, आणि कोपरापर्यंत हात खड्ड्यात घातला. ओले पचविताना जो खड्डा रोज हात भाजीत असे, तो गार. कडेस गांडुळे मरून पडलेली. इतक्यात दरोगा आले आणि हर्षाने बोलिले, "कसा स्वच्छ झाला बघा, बाई." सोजरबाई बोलिली, "साहेब, जिवंत होतं ते." इतकेच बोलिली आणि कठड्यावर बसली. दरोग्यांस समजावयास क्षण लागला, आणि समजले तेव्हा गृहस्थ उभ्याउभ्या रडू लागला. एकोणीस वर्षांचे पोट आठ कॅनांत बुडाले, हे पाहून आम्हांसही अन्न गोड लागेना.

मग थोड्या वेळाने बाई उठली आणि बोलिली, "रडून खड्डा तापत न्हाई, साहेब. फावडं घ्या." आणि विषारी थर दरोग्यांनी आपल्या हाताने उपसून बाहेर काढिला, आणि चाळीस बाया घरोघर गेल्या, आणि या वेळी बादली न मागता विरजण मागू लागल्या. घरचे दही नासले तर शेजारून चमचाभर विरजण आणावे ही पेठेची जुनी रीत, तिला कोणी नाही म्हणत नाही. सोजरबाई काकूंच्या दारी जाऊन बोलिली, "काकू, आमचा खड्डा मेला. तुमच्या मडक्यातलं वाटीभर मुरलेलं खत द्या, आन् आंबट ताक असंल तर ते." काकूंनी आत जाऊन अख्खे मडके उचलिले आणि बोलिल्या, "वाटीभरानं काय होतंय? धर दुसऱ्या बाजूनं." मग काय सांगावे! ज्यांच्या ज्यांच्या गॅलरीत मडकी होती ते वाट्या भरून, वर रुमाल झाकून निघाले, आणि ज्यांच्याकडे मडकी नव्हती त्यांनी ताक दिले, गूळ दिला, आणि गोठेवाल्याने शेण दिले, आणि एकशे बारा घरांचे विरजण त्या खड्ड्यात पडले. दुसरे दिवशी हात घातला, गार. तिसरे दिवशी गार. चौथे दिवशी बाई बोलिली, "कोमट हाय," आणि सहावे दिवशी थंडीच्या सकाळी खड्ड्यातून वाफ निघताना सर्व गल्लीने पाहिली.

पंचमीस थोरल्या कारभाऱ्यांची स्वारी आली. फक्की नाही, फिनेल नाही. दरोग्यांनी पुढे होऊन घडले ते सर्व आपल्या तोंडाने सांगितले, ही त्यांचीही मर्दुमकी. कारभाऱ्यांनी पाहिजे ती घरे निवडून बादल्या उघडविल्या, आणि पन्नासांतल्या अठ्ठेचाळीस चोख निघाल्या, आणि मग अस्तनी सारून हात खड्ड्यात घातला आणि चटका बसून काढिला, आणि बोलिले, "पेठ तुमची, खड्डा तुमचा. आणखी काय हवे ते मागा." आम्हांस वाटले, बाई आता काही मोठे मागेल. सोजरबाई बोलिली, "उद्याची सुट्टी द्या. एकोणीस वर्षांत आम्हां बायांना एकबी मिळाली न्हाई." कारभाऱ्यांनी मान खाली घातली आणि सुट्टी दिली.

दुसरे दिवशी पेठेत कचरा उचलणारे कोणी नाही. तरी सकाळी सातास तिसऱ्या मजल्यावरून काकू हिरवी बादली घेऊन उतरल्या, आणि मागून जिना उतरला, आणि गल्ल्यांगल्ल्यांतून सर्व पेठ आपले ओले आपल्या हाताने घेऊन खड्ड्यावर आली, आणि दरोगा फावडे घेऊन थर लावीत राहिले. बाईस घरी करमेना, ती दहाच्या सुमारास आली, आणि रांग पाहून कोपऱ्यावरच थांबली. कोणी हाक मारिली नाही. ती पदराने तोंड पुसून परत गेली आणि संध्याकाळपर्यंत निजली.

तात्पर्य, एके दिवशी नेणारे नव्हते आणि पेठ स्वच्छ राहिली. याहून मोठी फत्ते या राज्यात जाहली असल्यास आम्हांस ठाऊक नाही. लेखनसीमा.