पोचलं का, ते सांगा

"तीनातला पयला तुकडा सोडतो. दोन च्या. पोचला का?"

"पोचला, आण्णा."

"दुसरा तुकडा. एकात साखर कमी. पोचला?"

"पोचला. आन् तिसरा बी कळला, दुसऱ्यात साखर जास्त. आता बसा की खाली, गिऱ्हाइकं खोळंबल्यात."

"म्या तिसरा सोडलाच न्हाई आजून, तर तुला कळला कुठनं? न सोडलेला तुकडा घ्यायचा नसतो. तिसरा बिस्किटांचा हाय."

भोरच्या एस.टी. स्टँडसमोरच्या हॉटेलाच्या पायरीवर उभी राहून मी हे ऐकत होते. वडिलांच्या बदलीमुळे आम्ही नुकतेच पुण्याहून भोरला आलो होतो. पाटबंधारे खात्याच्या वायरलेस केंद्रावर पावसाळ्यापुरती मदतनिसाची जागा निघाली आणि 'मुलीचं इंग्रजी चांगलं आहे' एवढ्यावर ती मला मिळाली. ज्यांच्या हाताखाली काम करायचं ते साळवे आण्णा हॉटेलात सापडतील, असं मला सांगितलं होतं. सापडले.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. शाळेत इंग्रजीत गप्प बसायला शिकले आणि घरी मराठीत. चारचौघांत बोलायची वेळ आली की माझा आवाज शेजारच्यालाही ऐकू जात नाही. आण्णांनी नाव विचारलं, मी सांगितलं. ते म्हणाले, "परत." मी परत सांगितलं. ते म्हणाले, "परत." तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्यांनी हॉटेलवाल्याकडे वळून निदान केलं, "रिशीव्हर झकास दिसतोय. ट्रान्समीटर तपासाय लागंल."

साळवे आण्णा फौजेत सिग्नलमध्ये होते. तिथून निवृत्त होऊन भोरच्या केंद्रावर आले, पण फौजेची एक गोष्ट मात्र परत केली नव्हती, ती म्हणजे आवाज. माइक या वस्तूवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. हिर्डोशीशी बोलायचं असेल तर ते माइक तोंडाशी धरत, हिर्डोशीच्या दिशेच्या खिडकीकडे तोंड करत आणि असे ओरडत की समोरच्या पिंपळावरची वटवाघळं उठत. गावात म्हणत, आण्णा बोलतात ते हिर्डोशीला तसंच ऐकू जातं, सरकार मधल्यामध्ये बॅटरीला पैसे घालतंय.

काम साधं होतं. हिर्डोशी वरंध घाटाकडे, डोंगरात. पाऊस तिथे कोसळतो आणि पाणी खाली धरणात येतं. तिथला पावसाचा आणि ओढ्याचा आकडा रोज संध्याकाळी वायरलेसवरून भोरला यायचा, भोरहून पुण्याला जायचा आणि त्यावरून धरणाचं पाणी किती सोडायचं ते ठरायचं. आकडा चुकला तर खालच्या गावांत पाणी शिरायचं. आणि मधे डोंगर. पाऊस जितका जास्त, तितकी सेटमध्ये खरखर जास्त. म्हणजे आकडा जेव्हा सगळ्यात महत्त्वाचा, नेमका तेव्हाच तो ऐकू यायचा नाही.

यावर आण्णांची एक पद्धत होती. लांब निरोप एका दमात पाठवायचा नाही. त्याचे तुकडे करायचे. प्रत्येक तुकड्याला नंबर द्यायचा. तुकड्याच्या शेवटी त्यातल्या आकड्यांची बेरीज सांगायची. ऐकणाऱ्याने स्वतः बेरीज करायची आणि जुळली तरच 'पोचला' म्हणायचं. नाही जुळली तर तेवढाच तुकडा परत मागायचा. "समदं लुगडं परत इनायचं न्हाई," आण्णा सांगत. "फाटलं तितंच ठिगळ."

पद्धत चांगली होती. अडचण एवढीच, की ती सेटपाशी थांबत नव्हती.

आमच्या शेजारच्या घरात नवराबायकोचं रोज वाजायचं. एका सकाळी आण्णा तिथे शिरले. "दोघं एका टायमाला बोलताय, म्हून कुनाचंच पोचत न्हाई," असं म्हणत त्यांनी चुलीजवळची पळी उचलून बाईंच्या हातात दिली. पळी ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं. बोलून झालं की 'ओव्हर' म्हणून पळी पुढे करायची. आणि समोरच्याने स्वतःचं बोलण्याआधी, ऐकलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं.

नवरा म्हणाला, "तू म्हनलीस की मी ऐतखाऊ हाय."

"आळशी म्हनले मी. ऐतखाऊ तुमची आई म्हनते."

"पळी कुनाच्या हातात हाय?" आण्णा कडाडले.

दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडाने म्हणायचं म्हटल्यावर भांडणाची सगळी चव गेली. पळी चार वेळा इकडून तिकडे गेली आणि बाई पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. त्या महिन्यात आळीतल्या तीन घरांनी आण्णांना बोलावलं.

बैलाच्या बाबतीत मात्र पद्धत फसली. नसरापूरला आण्णांचा एक आतेभाऊ राहायचा, त्याच्याकडून बैल घ्यायचा होता. आण्णांनी निरोपाचे तीन तुकडे केले आणि 'एका वाटंवर भरवसा नको' म्हणून तीन माणसांबरोबर धाडले. पहिला तुकडा एस.टी.च्या ड्रायव्हरबरोबर: "बैल आमी घेतो." दुसरा दूधवाल्याबरोबर: "रविवारचा बेत धरा." तिसरा सायकलवरून कापूरहोळमार्गे निघालेल्या एका गवंड्याबरोबर: "म्या येऊन बघंन, तवर बैल हलवू नका." गवंडी कापूरहोळला मेहुण्याच्या घरी जेवायला थांबला तो तिथेच राहिला. रविवारी आतेभाऊ बैल घेऊन चालत भोरला हजर. आमच्या केंद्राच्या दारात, एरियलच्या खांबाला बैल बांधला आणि बैलाने अंग घासायला सुरुवात केल्याबरोबर पुणे बंद पडलं.

आण्णा बैलावर चिडले नाहीत. आतेभावावर चिडले. "तीनातला पयला आला, दुसरा आला. तिसरा कुठं हाय, ह्ये इचाराय नगं व्हय?"

"आता बैल आलाय की दारात!"

"तुकडं पुरं झाल्याबिगर बैल सोडायचाच न्हाई!"

मी रजिस्टरमध्ये डोकं घालून हसू दाबत होते. माझ्याकडे बघून आण्णा म्हणाले, "ताई, हसायचं आसंल तर मोठ्यानं हसा. नुसतं रिशीव्ह करून चालत न्हाई." पण माझं तेच चालू होतं. मी आकडे उतरवायचे, बेरजा करायचे आणि 'पोचला' आण्णा ओरडायचे. माइक त्यांनी दोनतीनदा माझ्यापुढे सरकवला होता. मी तो तितक्याच अदबीने परत सरकवला.

एक गोष्ट मात्र मला समजत नव्हती. रोज सगळे तुकडे पोचले, बेरजा जुळल्या, की आण्णा खिडकीकडे न वळता, एरवीच्या मानाने अगदी हळू, एकच शब्द विचारत, "आनि?"

हिर्डोशीचा ऑपरेटर धर्मा म्हणायचा, "हाय."

मग आण्णा सेट बंद करत आणि घरी जात. ते 'हाय' कशाचं, मी विचारलं नाही. विचारणं हा माझा स्वभाव नव्हता.

ऐन पावसाळ्यात पुण्याहून साहेब आले. माणूस वाईट नव्हता, हिशेबी होता. हिर्डोशीचा सेट नुसता खरखरतो, आकडे भरवशाचे नाहीत, असं त्यांचं मत होतं. तो सेट उचलून वेल्ह्याकडे न्यावा आणि हिर्डोशीचे आकडे एस.टी.बरोबर मागवावेत, हा त्यांचा विचार होता. "आणि साळवे, कानावर आलंय की सेटवर खाजगी बोलणं चालतं. मी ऐकलं, तर चाचणीसुद्धा न घेता सेट उचलेन." चार दिवसांनी चाचणी ठरली. साहेबांचा माणूस हिर्डोशीला जाऊन आकड्यांचा एक बंद कागद धर्माला देणार, तसाच कागद साहेबांच्या खिशात असणार. एक आकडा चुकला, की सेट गेला.

चाचणीआधी हिर्डोशीला नवी बॅटरी पोचवायची होती. पावसाळ्यात आण्णांना केंद्र सोडता येत नव्हतं, म्हणून मी गेले. कंडक्टरने बॅटरीचंही तिकीट मागितलं, मी वाद न घालता काढलं. धर्माची खोली गावाच्या वर, टेकाडावर होती. बॅटरी जोडून झाल्यावर त्याने खालच्या एका कौलारू घराकडे बोट केलं.

"त्ये आण्णांचं घर. वहिनी एकल्याच असत्यात. शेत सोडून भोरला याय तयार न्हाईत, आन् आण्णा सेट सोडून हितं याय तयार न्हाईत. मागं एका पावसाळ्यात वहिनी तापानं पडल्या, तवा यष्टी बी बंद. आण्णाला कळलं ते त्या बऱ्या झाल्यावर. तवापास्नं रोज इचारत्यात."

"काय?"

"कौलातनं धूर निघतोय का. धूर हाय म्हंजे चूल पेटली. चूल पेटली म्हंजे बाय उठून बसलीय."

मी खाली त्या घरी गेले. वहिनी, म्हणजे सरूबाई, नाचणीच्या शेतातून नुकत्याच आल्या होत्या, पाय चिखलाने भरलेले. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी आण्णांचा फौजेतला फोटो, त्यातही तोंड उघडं. त्यांनी मला भाकरी वाढली आणि नवऱ्याची चौकशी केली ती अशी: "वरडत्यात का आजून? वरडू द्या. म्हनावं, त्या डबड्यालाच आता जेवाय वाढाय सांगा."

बोलता बोलता त्यांनी चुलीत एक ओलं लाकूड सरकवलं. घरभर धूर झाला. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"सुकं लाकूड नाही का?" मी खोकत विचारलं.

"हाय की ढीगभर." त्या फुंकणी शोधायच्या निमित्ताने तोंड फिरवून बोलल्या. "पर सुक्याचा धूर टेकाडावनं दिसत न्हाई. ह्या टायमाला धर्मा बघत असतो. कदी कदी भूक बी नसती, तरी पेटवते. त्यांस्नी सांगू नगा, बाई. फुगून बसतील."

चाचणीच्या दिवशी पाऊस असा होता की समोरचा पिंपळ दिसत नव्हता. आणि आण्णांचा आवाज गेला होता. चार दिवस ते सकाळ-दुपार सराव म्हणून हिर्डोशीला ओरडत होते. सकाळी हळद घालून दूध प्यायले, गुळण्या केल्या. घशातून फक्त फुस्स असा वारा आला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि माइक माझ्यापुढे ठेवला. या वेळी तो परत सरकवायला समोर जागाच नव्हती. तिथे साहेब बसले होते.

खरखरीतून धर्माचा आवाज आला. पहिला तुकडा. आकडे, मग बेरीज. मी उतरवलं. बेरीज जुळली.

"भोर, पोचला का?"

मी बटण दाबलं. तोंड उघडलं. काही आलं नाही.

"भोर, पोचला का? भोर?"

आण्णा माझ्यासमोर उभे राहून तोंड वासून, दोन्ही हात उडवून मला नि:शब्द ओरडून दाखवत होते. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मला धुराने भरलेलं ते घर आठवलं. हा सेट गेला, तर त्या धुराकडे बघणारं कुणी उरणार नव्हतं.

"पोचला," मी म्हणाले. नेहमीसारखंच, हळू.

क्षणभर नुसती खरखर. मग धर्मा म्हणाला, "भोर, आज आवाज लई साफ येतोय! घंटेवानी! आण्णा आजारी हायत का?"

साहेब मोठ्याने हसले. आण्णांच्या चेहऱ्यावरून दिसलं, की इतकी वर्षं ते ओरडत होते म्हणूनच पलीकडे आवाज फाटत होता, हे त्यांना तेव्हाच कळलं आणि तेव्हाच त्यांनी ते न मानायचं ठरवलं.

त्यानंतर मी थांबले नाही. दुसरा पोचला. तिसरा पोचला. चौथ्यात मोठी खरखर आली, बेरीज जुळेना. "चौथा परत," मी म्हणाले. परत आला, तरी जुळेना. "चौथा परत. सावकाश." या वेळी जुळला. शेवटचा तुकडाही जुळला. साहेबांनी खिशातला कागद काढला आणि माझ्या कागदाशेजारी ठेवला. बोट आकड्या-आकड्यावरून खाली उतरत गेलं आणि तळाशी थांबलं.

"सगळे बरोबर," ते म्हणाले. "साळवे, सेट राहील."

आण्णांनी कडक सलाम ठोकला. डोळे भरले होते, पण छाती चार इंच पुढे आली होती. बाहेर व्हरांड्यात केंद्राच्या शिपायाने पेढे आणायला पैसे मागितले आणि आण्णांनी न मोजता दिले.

साहेब अजून बसलेलेच होते. धर्माही, साहेब ऐकतायत हे माहीत असल्यामुळे, पुढे काही बोलला नाही. आण्णा सेटपाशी आले. बंद करायच्या बटणावर त्यांनी हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. त्यांनी एकदा खिडकीबाहेर, हिर्डोशीच्या बाजूच्या त्या पांढऱ्या पावसाकडे पाहिलं. विचारायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. असता, तरी साहेबांसमोर त्यांनी विचारलं नसतं. नुकताच जिंकलेला सेट त्या एका शब्दाने गेला असता.

मी त्यांचा हात बाजूला केला आणि माइकचं बटण दाबलं.

"हिर्डोशी, आणि?"

"हाय, भोर!" धर्माचा आवाज एवढ्या जोरात आला की सेटचा पत्रा वाजला. "भर पावसात लई धूर हाय! समदं कौल धुरानं भरलंय!"

आण्णा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते, आवाज मात्र येत नव्हता.

साहेबांनी चष्मा काढला. "हे काय? कसला धूर?"

खोलीत आम्ही तिघंच होतो. मी साहेबांच्या डोळ्यांत बघून, स्पष्ट आणि मोठ्याने सांगितलं,

"तिथलं हवामान, सर. रोज घ्यावं लागतं."