चतुःसीमेसह एक सायकल

सोपानराव मळेकर यांना कोणतीही जागा चतुःसीमेशिवाय सांगता येत नाही. मागे त्यांची दाढ दुखत होती. दाताच्या डॉक्टरांनी विचारले, कोणती? सोपानरावांनी आ केलेले तोंड मिटले आणि सांगितले, "पूर्वेस सुळा, पश्चिमेस पडीक जागा, उत्तरेस हिरडी, दक्षिणेस जीभ. येणेप्रमाणे चतुःसीमेतील दाढ." डॉक्टर तरुण होते. त्यांनी एक्स-रे काढला.

सोपानराव दस्तलेखक होते. भोरच्या कचेरीच्या व्हरांड्यात, उजवीकडून तिसऱ्या खांबाशी बसून त्यांनी चाळीस वर्षे लोकांची खरेदीखते, बक्षीसपत्रे आणि वाटणीपत्रे लिहिली. पुढे संगणक आले. खांब तिथेच राहिला, सोपानराव घरी आले आणि येताना कचेरीची भाषा बरोबर घेऊन आले. माणसाला ते 'इसम' म्हणतात. चहाचा कप खाली ठेवताना 'भरून पावलो' म्हणतात. पत्नी गेली तेव्हा भेटायला आलेल्यांना त्यांनी 'मजकूर बाई काल सकाळी मयत झाल्या' असे सांगितले. लोक हसले नाहीत. पण पुन्हा फारसे आलेही नाहीत. मी शेजारी असल्याने मला तो पर्याय नव्हता.

गेल्या थंडीत एका सकाळी ते माझ्या ओट्यावर आले.

"साहेब, एक वस्तू मोबाईलवरून खरेदी करणे आहे."

मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो त्याला बरीच वर्षे लोटली. सोपानरावांनी मला 'साहेब' म्हणणे सोडलेले नाही.

"कोणती?"

"सायकल. रस्त्याची."

"सायकल रस्त्याचीच असते. विहिरीत कोण चालवतो?"

"तशी नव्हे. ती वाकड्या शिंगांची. रविवारी सारोळ्याकडून पुण्याची माणसं येतात ना, घट्ट कपड्यांतली, त्यांच्या बुडाखाली असते ती."

मी त्यांच्या वयाची, गुडघ्यांची आणि भोरच्या चढांची आठवण करून दिली. "हरकत नोंदवून घेतली," असे म्हणून ते खाली बसले.

त्यांचा मोबाईल बटणांचा. माझा मोठ्या पडद्याचा. त्यामुळे पुढचे तीन आठवडे हा कारभार माझ्या ओट्यावर चालला. विक्रेत्याने आपले पान बहुधा यंत्राकडून मराठीत करून घेतले होते. त्यात सायकलीला 'पोलादी काटा', 'आरामदायी खोगीर' आणि 'थेंब हँडल' असल्याचे नमूद होते.

"काटा कशाला? जेवायला?" सोपानराव म्हणाले. "आणि खोगीर? ही सायकल आहे की तट्टू?"

"पुढचं चाक ज्यात बसतं, तो काटा. थेंब म्हणजे खाली वाकलेलं हँडल."

"मग 'वाकलेलं' लिहायला काय हरकत होती? दस्तात 'थेंब' लिहिला असता तर दोन पिढ्या कोर्टात गेल्या असत्या." मग त्यांनी 'प्रवेश-स्तरीय' या शब्दावर बोट ठेवले. "प्रवेश कुठं?"

"कुठं नाही. नवशिक्यांसाठीची, स्वस्तातली, असा अर्थ."

"मग ठीक. ऐपत तेवढीच आहे."

सायकल पंच्याऐंशी टक्के जोडून येईल, असे पुढे लिहिले होते. त्यावर त्यांनी विक्रेत्याला माझ्या हातून प्रश्न पाठवला: उर्वरित पंधरा टक्क्यांचा ताबा कोणाकडे राहील, याचा लेखी खुलासा व्हावा. विक्रेत्याने हसरा चेहरा पाठवला. "ही सही समजायची का?" सोपानरावांनी मला विचारले.

घेणाऱ्यांचे अभिप्राय म्हणजे त्यांच्या मते साक्षीपुरावा. 'मस्त आहे भावा' असे लिहिणाऱ्याची साक्ष त्यांनी फेटाळली, कारण पूर्ण नाव नाही, वडिलांचे नाव नाही, राहणार कुठला ते नाही. पाच तारे देणारा त्यांना पढवलेला वाटे आणि एक तारा देणारा वैरी. शेवटी साक्षीदार समक्ष तपासावेत असे ठरवून ते एका रविवारी चौकातल्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले. मला बरोबर नेले. पुण्याहून आलेल्या एका बाईंना त्यांनी अडवले.

"आपलं संपूर्ण नाव? सायकल किती वर्षं ताब्यात आहे?"

बाई भल्या होत्या. "काका, पहिलीच घेताय का? मग रंग बघू नका, गिअर मोजू नका. फ्रेमचं माप बरोबर घ्या. माप चुकलं की कंबर जाते. आणि ब्रेक चांगले हवेत. बाकीचं नंतर बदलता येतं."

सोपानरावांनी हे जबानीसारखे उतरवून घेतले. फक्त सही मागितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल उघडून म्हणालो, "उभे राहा, तुमची उंची मोजू." ते उठले नाहीत. त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचे एक कात्रण आणि सहा इंची पट्टी काढली. कात्रणात एक मुलगी साध्या, जुन्या लेडीज सायकलीशेजारी उभी होती. तालुक्याच्या सायकल शर्यतीत ती तिसरी आली होती.

"चाक सव्वीस इंची," पट्टी टेकवत ते म्हणाले. "फोटोत ते एवढं येतं. त्या मानानं मुलगी पाच फूट दोन इंच. एखादा इंच इकडेतिकडे. पोरीनं पायात काय घातलंय ते दिसत नाही."

मी चष्मा लावून कात्रणाखालचे नाव वाचले. ती हिराबाईंची नात होती.

हिराबाई म्हणजे सोपानरावांची धाकटी बहीण. त्यांना वेल्ह्याकडच्या एका गावात दिलेले आहे. बावीस वर्षांपूर्वी, वडिलांच्या पश्चात, उत्रोलीच्या भातखाचरांचे हक्कसोडपत्र झाले. लिहिणार सोपानराव आणि लिहून घेणारही, म्हणजे जमीन ज्याच्याकडे जाणार तोही, सोपानराव. हिराबाई खांबाशी उकिडव्या बसल्या होत्या. त्यांना वाचता येत नव्हते. "दादा, काय लिवलंय?" त्यांनी विचारले. "नेहमीचंच," सोपानराव म्हणाले. 'राजीखुशीने व कोणाच्याही दडपणाखाली न येता' हे शब्द त्यात होते. आत निबंधक साहेबांनी विचारले, तेव्हा भावाने सांगून ठेवल्याप्रमाणे हिराबाईंनी मान हलवली आणि अंगठा दिला.

साक्षीदार क्रमांक दोन मी होतो. दस्त मीही वाचला नाही.

आपण काय सोडले ते हिराबाईंना पुढच्या वर्षी गावातल्या कोणाकडून तरी कळले. तेव्हापासून त्या भाऊबीजेला आल्या नाहीत. भावजय गेली त्या दिवशी आल्या, मातीला थांबल्या आणि भावाशी एक शब्द न बोलता एसटीने परत गेल्या. खाचरे पुढे विकली गेली. तिथे आता मंगल कार्यालय आहे.

"जमिनीच्या बदल्यात सायकल?" मी विचारले. मला ते सौम्यपणे विचारता आले असते.

"बदल्यात नव्हे. बदल्यात म्हटलं की अदलाबदलपत्र होतं. हे बक्षीस." त्यांनी कात्रणाची घडी घातली. "पण बक्षिसात एक अडचण असते, साहेब. देणाऱ्यानं कितीही दिलं, तरी घेणारा स्वीकारत नाही तोवर ते पुरं होत नाही. कागदच राहतो तो."

"आणि हिराबाईंनी परत पाठवली तर?"

त्यांनी कात्रण आणि पट्टी खिशात ठेवली.

सायकल लहान मापाची मागवली. पैसे त्यांनी आधीच आणून दिले होते. पत्ता मात्र त्यांनी स्वतः सांगितला: "हिराबाईंचे घर, त्यास पूर्वेस ओढा, पश्चिमेस गावठाणचा रस्ता, उत्तरेस पाण्याची टाकी, दक्षिणेस मारुतीचे देऊळ, येणेप्रमाणे चतुःसीमेतील कौलारू घराच्या दारात." बावीस वर्षे न पाहिलेल्या घराच्या चारही बाजू त्यांना पाठ होत्या. मोबाईलच्या चौकटीत एवढी अक्षरे मावेनात. मी काटछाट करू म्हणालो. त्यांनी तीव्र तकरार केली. तेव्हा लिहायचे तेवढे लिहिले. हिराबाईंचे नाव आणि गाव वरच्या रकान्यांत होतेच. पत्त्याची चौकट 'मारुतीचे देऊळ' येथे संपली.

आठव्या दिवशी दुपारी माझ्या मोबाईलवर टेम्पोवाल्याचा फोन आला. त्याचे नीट ऐकू येईना म्हणून मी आवाज बाहेर सोडला.

"काका, देवळात हुबा हाय. हितं कुनी न्हाई. मारुतीच्या म्होरं ठेवू का खोकं?"

"मारुती दक्षिणेस आहे!" सोपानराव ओरडले. "तुम्ही हद्दीवर उभे आहात! उत्तरेस चला!"

"उत्तर कुठं, काका? मोबाईलमदी नुसता बाण फिरतुया."

"पाण्याच्या टाकीकडं तोंड करा."

"टाकी न्हाई दिसत. पाडली वाटतं."

सोपानरावांनी माझ्याकडे पाहिले. एक सीमा कमी झाल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते.

अखेर कोणी तरी त्या माणसाला दार दाखवले. दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. मी पुन्हा आवाज बाहेर सोडला. "काका, आजी म्हंत्यात, आमी काय बी मागवल्यालं न्हाई. कुनाचं हाय ते त्यास्नीच दे जा. आता तुमाला मेसेज आला आसंल, त्यातला आकडा सांगा. न्हाईतर म्या जातो माघारी, लई गावं ऱ्हायल्यात."

चार अंकी आकडा माझ्या पडद्यावर आला होता. मी सांगणार, तोच सोपानरावांनी मोबाईल माझ्या हातातून घेतला.

"आकडा तुम्हाला मिळणार नाही," ते करारी आवाजात म्हणाले. "ताबा घेणार त्या बाई. आकडा मी त्यांनाच सांगेन. त्यांच्याकडे फोन द्या."

असा नियम नाही. हे मला माहीत होते. त्यांनाही माहीत असावे.

टेम्पोच्या इंजिनाच्या आवाजात फोन पलीकडे हातातून हातात गेला.

"कोन?"

"मी. सोपान."



"काय धाडलंयस?"

"सायकल. तुझ्या नातीसाठी."

"आन् अंगठा कुठं द्यायचा?"

"अंगठा लागत नाही ह्याला."

"तुज्या कागदाला लागतो. म्हनून इचारलं."

चाळीस वर्षे कचेरीच्या शब्दांवर पोट भरलेल्या सोपानरावांनी मोबाईल तोंडाजवळ नेला. मग ते म्हणाले, "न्हाई लागत, हिरे. खरंच न्हाई." 'न्हाई' हा उच्चार मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकला.

"पोरीसाटी घेतीया," हिराबाई म्हणाल्या. "तुजं म्हनून न्हाई. सांग आकडा."

त्यांनी पडद्याकडे पाहून चारही अंक सांगितले.

"पुन्यांदा सांग. ह्या टेम्पोत ऐकू येत न्हाई."

त्यांनी पुन्हा सांगितले, एकेक अंक सुटा करून.  फोन बंद झाला. थोड्या वेळाने खोके पोचते झाल्याचा संदेश आला, तो मी त्यांच्या हातातल्या पडद्यावरच वाचला आणि त्यांना ऐकवला. त्यांनी सायकलीविषयी एक अक्षर विचारले नाही.

"आवाज आईचा झालाय तिचा," ते म्हणाले.

मी मोबाईल घेण्यासाठी हात पुढे केला. त्यांनी तो लगेच दिला नाही. मीही हात मागे घेतला.