सुमनमावशींचं होम

लातूरच्या क्लासेसच्या भागात कॉम्प्युटरला हात लावण्याआधी हातपाय धुवायला लावणारं घर एकच, आमच्या घरमालकीण सुमनमावशींचं.

मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो आणि त्यांच्या माडीवर भाड्यानं राहतो. खाली मेडिकलच्या तयारीला आलेल्या मुली असतात, कुणी उमरीची, कुणी उदगीरची. त्यांच्या सराव परीक्षांसाठी मावशींनी जुना कॉम्प्युटर घेतला. पेनड्राइव्हमधून व्हायरस यायला लागले, तेव्हा त्यावर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घेतलं आणि शाळेतून रिटायर झालेल्या या बाई स्वतःच ते शिकल्या. गल्लीत हे मी छाती फुगवून सांगतो.

प्रत्येक मुलीचं त्यावर वेगळं खातं. एकीला अक्षरं मोठी लागत, एकीला जांभळा पडदा. कंधारची शबाना डावखुरी, म्हणून तिच्या खात्यात माऊसची बटणं उलटी.

एकदा सिस्टम बंद पडली. दुकानातला मेकॅनिक आला, म्हणाला, सगळं पुसून नवं टाकतो. मावशी खुर्चीमागे जाऊन उभ्या राहिल्या.

"सिस्टम नवी टाका. होमला हात लावू नका."

"घराला कुठं हात लावून राहिलो, मावशी?"

मग मावशींनी त्याला वर्गात शिकवल्यासारखं समजावलं. डिस्कचे दोन भाग केलेत. एकात सिस्टम, दुसऱ्यात पोरींच्या फायली आणि त्यांच्या आवडीनिवडी. त्या दुसऱ्याचं नाव होम. त्याच्यापुढची फॉरमॅटची, म्हणजे पुसून टाकायची, खूण काढायची, खात्यांची नावं पूर्वीचीच द्यायची. तो बिचारा सांगतील तसं करत गेला. सिस्टम नवी कोरी आली आणि जांभळा पडदा जांभळाच उघडला. मावशींनी गल्लीत पेढे वाटले. लोकांना वाटलं, कुणाचा तरी नंबर लागला.

शिकून गेलेल्या मुलींची खाती तरी काढून टाका, जागा मोकळी होईल, असं मी सुचवलं. मावशींनी पदरानं कीबोर्ड पुसला.

"भूकंपानंतर आमच्या गावाला नवी घरं मिळाली, सर. चांगली होती. पण सगळी एकसारखी. माझी आई रस्त्यात उभी राहून इचारायची, माझं कोणतं म्हणून."

मी तो विषय पुन्हा काढला नाही.

गेल्या महिन्यात शबाना आली. आता नांदेडला डॉक्टर आहे. मावशींनी तिला आधी कॉम्प्युटरसमोर बसवलं. पासवर्ड तिच्या बोटांना आठवला. माऊस उलटाच चालला, तशी ती हसता हसता डोळे पुसायला लागली. मावशी माझ्याकडे असं बघत होत्या, जणू डॉक्टर त्याच झाल्यात.

मग त्यांनी तिच्यापुढे तिच्या पूर्वीच्या सवयीचा बिनसाखरेचा चहा ठेवला. शबानानं एक घोट घेतला आणि हळूच म्हणाली, "मावशी, मी आता साखर घेते."

मावशींचा चेहरा एकदम उतरला.

"कळवायचं की गं," त्या म्हणाल्या. "मी बदलून ठेवलं असतं."