बरोबर उत्तराला शून्य

आमच्या नसीमाआपा बरोबर उत्तराला शून्य मार्क देतात. चुकीच्या उत्तराला एखाद वेळी चार-पाच देतील, पाठही थोपटतील. पण बरोबर उत्तर दिसलं की चष्मा नाकावर सरकवून त्या संशयाने बघायला लागतात.

आमचं काम आधी सांगते. कॉम्प्युटर आता माणसासारखा बोलतो, हे शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. पण तो विचार बरोबर करतो की नुसताच ठोकून देतो, हे तपासायला माणसं लागतात. सानपाडा स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसणारी ती माणसं म्हणजे आम्ही. त्या बोलणाऱ्या कॉम्प्युटरला, म्हणजे मॉडेलला, मराठीत कोडी घालायची, त्याने पायरीपायरीने लिहिलेलं उत्तर वाचायचं आणि प्रत्येक पायरीला हिरवी नाहीतर लाल खूण करायची. आमच्या खुणा बघून मॉडेल पुढे सुधारतं. आपा त्या मॉडेलला ‘जावईबापू’ म्हणतात.

“गोड बोलतो, सगळं माहीत असल्यासारखा दाखवतो आणि चूक कधी कबूल करत नाही,” त्या म्हणतात. “मग काय म्हणायचं?”

आपांचं लग्न झालेलं नाही, त्यामुळे घरात खरा जावई कधी आलाच नाही. स्थळं बरीच आली होती. एक जण म्हणाला, “मला साधी राहणी आवडते.” आपांनी विचारलं, “मग बोटात चार अंगठ्या कशाला?” चहा न पिताच पाहुणे उठले. हे सांगताना आपा स्वतःच खूप हसतात.

आधी त्या पनवेलला एका वकिलाकडे टायपिंग करायच्या. वकील मजकूर सांगायचा, या मध्येच थांबायच्या. “साहेब, दुसऱ्या परिच्छेदातून हा तिसरा निघतो कसा?” वकील चिडायचा, पण प्रत्येक कागद कोर्टात नेण्याआधी यांच्या टेबलावरून जाईल याची काळजीही घ्यायचा. तो वकील निवृत्त झाला आणि आपा आमच्याकडे आल्या.

“पायरी दाखव” हे त्यांचं पेटंट वाक्य. ते फक्त जावईबापूंसाठी नाही, सगळ्या जगासाठी आहे. एकदा खाली वॉचमन म्हणाला, “लिफ्ट बंद आहे मॅडम, मेंटेनन्स चालूय.”

“मेंटेनन्स चालू म्हणून लिफ्ट बंद, की लिफ्ट बंद पडली म्हणून मेंटेनन्स?”

“म्हणजे... एकच ना मॅडम?”

“एकच कसं? पहिल्यात संध्याकाळी चालू होईल. दुसऱ्यात देव जाणे.”

तेव्हापासून त्या गेटमधून येताना दिसल्या की वॉचमन पाण्याची मोटर बघायला जातो.

मी एकदा म्हटलं, “आपा, ऊन लागलंय, डोकं फार दुखतंय.”

“ऊन काल पण होतं. काल दुखलं?”

“नाही.”

“आज नवीन काय केलंस?”

“काही नाही. सकाळपासून बारीक अक्षरांची फाइल वाचतेय.”

“मग उन्हाला का नावं ठेवतेस? चष्म्याचा नंबर बघून घे.”

नंबर वाढला होता. डॉक्टरपेक्षा मला आपांचाच राग आला.

तर, त्या डेमोची गोष्ट. आमच्या कंपनीला एक मोठं काम मिळायचं होतं. समोरच्या पार्टीची माणसं व्हिडिओवर येणार होती आणि सुधारलेलं मॉडेल कोडी कशी सोडवतं हे आमचे निखिल सर त्यांना दाखवणार होते. सर वयाने लहान, स्वभावाने चांगले, पण टेन्शन आलं की केसांत सारखे हात घालतात. डेमोसाठी निवडलेल्या सगळ्या कोड्यांची उत्तरं बरोबर आली होती. सगळीकडे हिरवं. एकाच ठिकाणी लाल खूण होती, आपांची.

कोडं असं होतं : लग्नात बिर्याणीच्या दोन देगी करायच्या आहेत. एक देग शिजायला तीन तास लागतात. चुली दोन आहेत, आचारी दोन आहेत. दोन्ही देगी एकदम चढवल्या तर बिर्याणी किती तासांत तयार होईल?

मॉडेलचं उत्तर : तीन तास.

“आपा, बरोबर आहे ना?” सरांचे हात केसांत गेले. “लाल कशाला?”

“उत्तर बरोबर आहे. पायरी बघा. म्हणतो, दोन देगी गुणिले तीन तास म्हणजे सहा. आचारी दोन, म्हणून सहा भागिले दोन. आले तीन.”

“आले ना तीन!”

“आले. पण चुकून आले. देग चुलीवर शिजते सर, आचाऱ्यावर नाही.”

“ते लोक उत्तरच बघणार आहेत हो. प्लीज हिरवं करा.”

“नाही करणार,” आपा म्हणाल्या. आवाज चढवला नाही, पण माउसवरचा हातही उचलला. “माझं नाव आहे त्या खुणेवर.”

सर घड्याळ बघत पुढच्या तयारीला लागले. त्यांनी ते कोडं डेमोतून काढून टाकलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण गडबडीत ते राहिलं, आणि ऐन डेमोत पडद्यावर लाल खुणेसकट उमटलं.

पलीकडच्या बाईंनी विचारलं, “उत्तर बरोबर दिसतंय. मग हे लाल का?”

खोलीत सगळे सरांकडे बघायला लागले आणि सर आपांकडे. आपा उठल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “मॅडम, एक आचारी वाढवू का?”

“वाढवा.”

सरांनी कोड्यात दोनाचे तीन आचारी केले. बाकी सगळं तेच. जावईबापूंनी क्षणभर विचार केला आणि ऐटीत लिहिलं : दोन तास.

“तिसरा आचारी बघून तांदूळ घाबरून लवकर शिजतो काय?” आपा म्हणाल्या. “आता साठ करा.”

साठ आचाऱ्यांनी दोन देगी बिर्याणी सहा मिनिटांत तयार झाली.

पलीकडून आधी एक जण हसला, मग सगळेच हसायला लागले. सर पांढरे पडले होते. मला वाटलं, गेलं काम. पण त्या बाई हसू आवरून पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, “हेच आम्हाला सापडत नव्हतं. बाकीच्या कोड्यांचंही असं करून बघता येईल?”

मग तासभर आपा एकेका कोड्यात एकेक गोष्ट बदलत गेल्या आणि हिरव्या खुणा एकेक करून लाल होत गेल्या. काम आम्हालाच मिळालं. आता प्रत्येक कोड्याच्या चार-पाच आवृत्त्या करून तपासायच्या, ही आमची पद्धतच पडली आहे. नवीन आलेल्या मुलांना आम्ही सांगतो, “आचारी वाढवून बघितलेस का?” त्यांना आधी काही कळत नाही. मग आम्ही मोठ्या तोऱ्यात आपांकडे बोट दाखवतो.

काही महिन्यांनी मॉडेलची नवी आवृत्ती आली. त्याच कोड्यावर जावईबापूंनी लिहिलं, ‘आचारी वाढले तरी देग शिजायला तेवढाच वेळ लागेल.’ आपांनी हिरवी खूण केली. शेऱ्याच्या चौकटीत एकच शब्द लिहिला : शाब्बास. असा शेरा आमच्यापैकी कुणाला कधी मिळालेला नाही.

त्या शनिवारी ऑफिसात पार्टी झाली. आपांच्या नावाची एक छोटी ट्रॉफी केली होती, पण आपाच आल्या नाहीत. माझी बहीण खारघरला राहते, म्हणून ट्रॉफी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. रविवारी तिच्याकडून निघून मी तळोज्याला गेले. आपा घरचं कधी काही बोलत नसत, त्यामुळे घरी कोण असेल याची मला कल्पना नव्हती.

दार आपांनीच उघडलं. हाताला मासळीचा वास होता. खिडकीपाशी खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते, स्वच्छ पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, “हाजरा आयली?”

“नाय अब्बा. लाँच सुटली नाय अजून.”

“आज चांद कितवा?”

“आठवा.”

म्हाताऱ्यांनी बोटांच्या पेरांवर मोजलं. “आठवा म्हंजे भरती सहाला. वाजले किती?”

“पाच.”

“मंग धक्क्याला पानी लागलं असंल. अर्ध्या तासात सुटंल लाँच. तासाभराची वाट, पुढं चालत. सात वाजतील तिला घरात यायला.” ते आपांकडे वळले. “मासली आत्ता तळू नको. थंड होईल.”

“बरं अब्बा.”

ते समाधानाने खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नवीन टॉवरचं काम चालू होतं.

आपांनी मला आत बोलावलं. हळू आवाजात म्हणाल्या, “हाजरा म्हणजे अम्मी. तिला जाऊन पुष्कळ वर्षं झाली. अब्बा रेवसच्या बाजूला लाँचवर सारंग होते, लाँच चालवायचे. मनाने अजून तिथेच असतात.”

“तुम्ही सांगत नाही त्यांना?”

“आधी सांगायचे. ते रोज नव्याने रडायचे. मग सोडून दिलं.”

“आणि सात वाजल्यावर?”

“वारा सुटलाय, लाँच बंद, असं सांगते. वाऱ्यापुढे त्यांचं काही चालत नाही.” त्या जराशा हसल्या. “पण चांद बरोबर सांगावा लागतो. रोज सकाळी कॅलेंडरात चांदाची तारीख बघून ठेवते. एकदा अंदाजाने सांगितला, तर म्हणाले, काल सहावा होता, आज नववा कसा झाला?”

मी ट्रॉफी पुढे केली. त्यांनी ती घेतली, त्यावरचं नाव वाचलं आणि पिठाच्या डब्यावर ठेवून दिली. मग दारातून बाहेर डोकावून अब्बांकडे बघितलं. डेमोच्या दिवशी सगळे टाळ्या वाजवत होते, तेव्हासुद्धा त्यांचा चेहरा असा फुलला नव्हता.

“आज वार कोणता, ते माहीत नाही त्यांना. मी कोण, ते पण कधी कधी नसतं,” आपा म्हणाल्या. “पण बघितलंस ना तू? चांदावरून भरती, भरतीवरून लाँच, लाँचवरून घर. एक पायरी चुकली नाही.”

मग त्यांनी गॅस बंद केला आणि मीठमसाला लावलेली मासळी ताटलीने झाकून ठेवली, सात वाजेपर्यंत.