उद्यापन राहिलेली इच्छा

लग्नाच्या एकोणिसाव्या वर्षी शालिनीबाईंची इच्छा घराबाहेर जाऊन चपलांच्या कपाटावर बसली. सव्वा वर्ष ती तिथंच होती. दूधवाला "सरका जरा, बाई" म्हणायचा आणि ती पाय आखडून घ्यायची.

सव्वा वर्ष बाहेर राहिलेल्या इच्छेचं नाव रेशनकार्डावरून कमी होतं. मुदतीचा शेवटचा दिवस सोमवार होता. सकाळी इच्छा निरीक्षक पाटोळेबाई फाइल घेऊन आल्या.

"भांडण झालं होतं?"

"छे हो."

"दुखणं? औषधं? पाळीचं काय?"

"मागंपुढं होते आता." शालिनीबाईंनी पदर सारखा केला. गेले कित्येक महिने त्या देवापुढे हेच विचारत होत्या. "म्हणून गेली का ती? आटपलं का माझं?"

"वयानं जाते ती सांगून जाते. शिवाय सगळ्यांची जातही नाही. ही तर दारात आहे." पाटोळेबाई नवऱ्याकडे, मुकुंदरावांकडे वळल्या. "तुम्ही काय केलंत?"

"हिला माझा कंटाळा आला असं वाटलं. हॉलमध्ये झोपायला लागलो. तिथला पंखा बरा आहे, असं सांगितलं."

"मला वाटलं, ह्यांना पंखाच हवाय," शालिनीबाई म्हणाल्या.

पाटोळेबाईंनी ते लिहून घेतलं आणि कपाटाकडे जाऊन विचारलं, "आत का येत नाही?"

"शालिनीबाईंनी सोळा सोमवार धरले," इच्छा म्हणाली, "तेव्हा मला सांगितलं, उद्यापन होईपर्यंत बाहेर थांब. सोळा सोमवार झाले. उद्यापन झालं नाही."

शालिनीबाईंनी बोटांवर सोमवार मोजले. सतराव्या सोमवारी भावकीत सुतक आलं होतं. मग राहूनच गेलं.

"पण तिला कधी आपणहून आत यावंसं वाटलं नाही?" त्यांनी पाटोळेबाईंना विचारलं.

"काही इच्छा न बोलावता येतात, काही बोलावल्यावर. तुमची दुसऱ्यातली. दोन्ही नियमात बसतात."

"म्हणजे माझ्यात काही खोट नाही?"

"तसा रकानाच नाही आमच्याकडे."

शालिनीबाईंना सव्वा वर्षात पहिल्यांदा पोटभर श्वास घेता आला. मग त्यांना आठवलं, उद्यापनाला सोळा मेहुणं लागतात.

"कार्यालयाला एक चालतं," पाटोळेबाई म्हणाल्या. "घरचंही."

मुकुंदराव बेल घेऊन आले. चुरमा झाला. दोन पाट मांडले आणि दोघं शेजारी बसली. आरतीनंतर शालिनीबाई दारात गेल्या.

"या," त्या म्हणाल्या. "फार थांबवलं तुम्हाला."

इच्छा उजवं पाऊल टाकून आत आली. "गूळ जरा कमी पडलाय," असं म्हणत तिनं चुरमा संपवला, हात धुतले आणि आतल्या खोलीत गेली. पाटोळेबाईंनी फाइलवर 'घरात' असा शेरा मारला आणि चपला घातल्या.

मुकुंदरावांनी हॉलमधल्या दिवाणावरची आपली उशी उचलली.

"आतला पंखा फार सावकाश फिरतो हं," शालिनीबाई म्हणाल्या.

"फिरू दे."